हजारी चार

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत मी नवऱ्याला बघून घ्यायची. नवरा काही दिसायचा नाही. फोनवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून झालेली एक लांबलचक ओळ दिसायची आणि तिच्याखाली एक रक्कम. नऊ वर्षं ती रक्कम जागची हलली नव्हती. हलली नाही म्हटल्यावर मी चहात दूध घालायची.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण पोलीस ठाणं, बँक, तहसील असं सगळीकडे ते घेऊन घेऊन माझी भीड चेपली. जालिंदर आनंदा साळुंखे, वय त्रेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, डाव्या मनगटावर तेजाबाचा डाग. लिहिताना मी आता त्याला अरे-तुरेच करते. समोर आला असता तर तोंडातून 'अहो'च निघालं असतं.

आमचं विटा. इथल्या आसपासच्या गावांतली निम्मी माणसं परमुलखात सोनं गाळायला जातात. सराफांकडे येणारं मोडीचं सोनं घ्यायचं, त्यात आणखी चांदी मिसळून वितळवायचं, मग तेजाबात उकळायचं. तेजाब चांदी-तांबं खाऊन टाकतं आणि तळाशी विटकरी भुकटी उरते. दिसायला अगदी भाजलेल्या मातीसारखी. ती मुशीत घालायची, वर टाकणखार टाकायचा, भट्टी लावायची, की चोख सोनं. याला गलाई म्हणतात. तमिळनाडूत सेलमला आमचं दुकान होतं. जालिंदर भट्टीवर आणि मी टंच काढायला, म्हणजे सोनं किती चोख ते तपासायला. मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

त्या दुकानात एक स्टूल होतं. सोनं देणारा सराफ काम होईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहायचा आणि त्याची नजर मुशीवरून ढळायची नाही. ओळख तीस वर्षांची, मुलाबाळांची विचारपूस व्हायची, दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. पण नजर मुशीवर. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, धंदाच तसा. जालिंदरला वाटायचं. एकदा मला म्हणाला होता, आयुष्यभर चोराकडे बघावं तसं लोक माझ्या हाताकडे बघत आलेत.

म्हणून त्याला क्रिप्टो आवडलं. लोकांना वाटतं हावेपायी, तसं नव्हतं. त्यानं मला समजावून सांगितलं होतं ते असं. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच वही असते. कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात काय गेलं ते त्या सगळ्या वह्यांत एकदमच लिहिलं जातं, म्हणून एकट्या कोणाला खाडाखोड करता येत नाही. खात्यावर नाव नसतं, फक्त ती लांबलचक ओळ. कोणीही कोणाचंही खातं बघावं, हात मात्र ज्याच्याकडे किल्ली त्यालाच लावता येतो. मध्ये बँक नाही, सराफ नाही, स्टूल नाही. त्यानं माझ्या फोनवरही एक खातं काढून दिलं आणि स्वतःच्या खात्यातून त्यात नखाएवढी रक्कम पाठवून दाखवली. "बघ वैजू," तो म्हणाला, "आपल्या दोघांच्या मध्ये कोणी नाही."

मी म्हटलं, आपल्या दोघांच्या मध्ये आत्तापर्यंत तरी कोण होतं?

दुकानातली शिल्लक, गावाकडच्या घरासाठी ठेवलेलं सोनं आणि माझ्या पाटल्या असं सगळं मोडून त्यानं क्रिप्टोतलं एका जातीचं नाणं घेतलं. पाटल्या मीच काढून दिल्या, त्यानं मागितल्या नव्हत्या. सात महिन्यांत भाव कोसळून पाचाचा एक झाला. चैत्रात गावच्या जत्रेला गेलो तेव्हा थोरले दीर, हणमंत भाऊजी, भावकीसमोर त्याला म्हणाले की बापानं सोनं गाळलं आणि तू वारा गाळलास. सगळे हसले. तोही हसला. रात्रभराच्या प्रवासात मीही एक वाक्य बोलले. पाटल्या होत्या तेव्हा निदान डोळ्यांना दिसत तरी होत्या, असं काहीतरी. सेलमला उतरलो, त्यानं दुकान उघडून दिलं, चहा सांगून येतो म्हणाला आणि गेला. चहावाला चहा घेऊन आला. पैसे आधीच दिलेले होते.

त्याला शोधायला काय काय केलं ते सांगत बसत नाही. दोन वर्षांनी दुकान आवरून लेकीला घेऊन विट्याला आले आणि सराफ कट्ट्यावर टंच काढायचं छोटं दुकान टाकलं. तिसऱ्या वर्षी त्या नाण्याचा भाव मूळ जागी आला. सहाव्या वर्षी दहापट झाला. भाव आला की माणूस येईल, हे मी मनात अगदी धरून चालले होते. भाव आला. मग मला कळलं की तो पैशापायी गेलाच नव्हता, आणि ते कळणं न कळण्यापेक्षा वाईट होतं.

ज्यांनी त्याला हसून घेतलं होतं तीच माणसं आता दुकानात येऊन विचारायला लागली की वहिनी, शेवटी ते क्रिप्टो यशस्वी झालं म्हणायचं का? मी म्हणायची, झालं की. फक्त विट्याच्या बाजारात त्यावर कोथिंबिरीची जुडी मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे ते हलवत नाहीत, ज्यांच्याकडे नाही ते बोलत बसतात. यश म्हणजे अजून काय असतं?

मग ते यंत्र आलं.

किल्ली म्हणजे खरं तर एक अवाढव्य आकडा. त्या आकड्यावर ठरलेलं गणित केलं की दुसरा आकडा निघतो, आणि तो कुलपाच्या दर्शनी भागासारखा असतो. खात्यातून एकदा जरी काही पाठवलं तरी सगळ्यांना दिसतो. किल्लीवरून कुलूप काढणं क्षणाचं काम. कुलपावरून किल्ली काढायची तर साध्या संगणकाला सूर्य विझेपर्यंतचा वेळही पुरायचा नाही, कारण तो जवळजवळ एकेक किल्ली लावूनच बघणार. सगळं क्रिप्टो या एका अवघडपणावर उभं होतं. क्वांटम संगणक किल्ल्या लावून बघत नाही. त्या गणिताच्या पोटात एक लय असते, ठरावीक अंतरानं तेच तेच परत येत राहतं. या यंत्रातले कण एकाच वेळी असंख्य शक्यता धरून बसतात. मग चुकीच्या शक्यता पाण्यावरच्या लाटांसारख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि लय तेवढी मागे उरते. लय सापडली की किल्ली सापडली. हे मी तीन वेळा वाचलं आणि मला तेजाबाचं भांडं दिसलं. मिसळणं सोपं, वेगळं काढणं अशक्य, असं जग समजत होतं. आणि कोणीतरी आकड्यांची गलाई शोधून काढली होती.

असं एक यंत्र पुण्याला सरकारी केंद्रात होतं, जगात आणखी सहा-सात. उद्या ती चोरांच्या हातात जाणार हे उघड होतं. म्हणून ते नाणं चालवणाऱ्या जगभरच्या लोकांनी नव्या पद्धतीची कुलपं काढली, या यंत्रालाही न उघडणारी, आणि मुदत दिली. एक एप्रिलच्या आत प्रत्येकानं आपलं नाणं आपल्या हातानं जुन्या कुलपातून नव्या कुलपात न्यायचं. राहील ते कायमचं गोठेल, मालकालाही मिळायचं नाही. मेलेल्यांच्या वारसांसाठी सोय होती: पुण्याच्या केंद्राकडे वीस फेब्रुवारीपर्यंत अर्ज करायचा, ते यंत्रानं कुलूप उघडून नाणं वारसाला देणार. सात वर्षं बेपत्ता असलेल्यासाठी बायकोचं प्रतिज्ञापत्र पुरे होतं.

पेपरवाल्यांनी त्याला सामानाची हलवाहलव म्हटलं. मला ती शिरगणती वाटली. जगभर कुठे कुठे पडून असलेली जुनी खाती एकेक करून हलायला लागली. जी हलली त्यांचा धनी जिवंत. मी दिवसातून एकदाऐवजी वीसदा बघायला लागले.

जालिंदरचं हलेना.

जानेवारीच्या अखेरीला हणमंत भाऊजी कागद घेऊन घरी आले. म्हातारे झालेत, जिना चढताना दम लागतो. माझी लेक ईश्वरी इस्लामपूरहून सुट्टीला आली होती. तिथे ती दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते, आणि पक्षाघात झालेल्या माणसांना परत चालायला शिकवणारं स्वतःचं केंद्र काढायचं तिच्या डोक्यात आहे. जागा बघून ठेवली होती. मला ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती, म्हणून तर मला सगळं माहीत होतं.

भाऊजींनी कागद टेबलावर ठेवला. 'माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे माझे पती मयत आहेत.' खाली सहीची जागा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. असता तर एवढ्या दिवसांत हलवलं नसतं का? भावानं वारा गाळला म्हणून मी बोललो, चुकलं, देव मला बघून घेईल, पण पोरीच्या वाटचं कशाला गोठू द्यायचं?

ईश्वरीनं कागद उचलून वाचला. मग म्हणाली, "आई, तू सही केलीस तर पप्पा मरत नाहीत. आणि नाही केलीस तर येत नाहीत."

"आणि असले तर?" मी म्हटलं. "एक दिवस खातं उघडून बघतील. ते रिकामं. बायकोनं आपण मेल्याचं लिहून दिलं हे त्यांना कळेल ते असं."

"मग काय करायचं म्हणतेस?"

मी तीन आठवडे मागितले. ते म्हणाले, तेवढेच उरलेत.

मी पुण्याला जाऊन आले. केंद्रातल्या मधुरा बाई सज्जन होत्या. यंत्र काही दाखवलं नाही, काचेतून एक पांढरं कपाट दिसलं आणि थंड हवेच्या यंत्रांची घरघर ऐकू आली. मी त्यांना एकच विचारलं. उद्या हे नाणं हललं, तर ते माझ्या नवऱ्यानं हलवलं की कुठल्या चोराच्या यंत्रानं, हे ओळखता येईल का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "नाही ताई. वहीला किल्ली कळते. हात कळत नाही."

परतीच्या एसटीत कराडपर्यंत मी त्या वाक्यावरच अडून बसले होते. हात कसा कळतो? आमच्या धंद्यात तो कळत होता.

नवा सराफ कधी सगळा माल एकदम देत नाही. आधी चिमूटभर सोनं देतो. गलाईवाल्यानं ते फुकट गाळून परत करायचं आणि किती तूट आली ते सांगायचं; त्यावरून सराफ ठरवतो माल द्यायचा की नाही. प्रत्येक घराण्याचा तुटीचा आकडा ठरलेला असतो. साळुंख्यांचा हजारी चार, म्हणजे हजाराला चार. खरी तूट तीन आली तरी चार कापायची, पाच आली तरी चारच, वरचं आपल्या पदरचं घालायचं. सासऱ्यांनी तो आकडा बांधला होता आणि जालिंदर त्यात रतीभर इकडे-तिकडे करायचा नाही. आणि चिमूट कधी ठेवून घ्यायची नाही. कोणाचीही असो, कितीही उशीर होवो, परत गेलीच पाहिजे.

कोणाच्याही खात्यात पाठवायला किल्ली लागत नाही. माझ्या फोनवरच्या खात्यात नऊ वर्षांपूर्वीची ती नखाएवढी रक्कम अजून तशीच होती. या नाण्याचा सगळ्यात लहान तुकडा इतका बारीक असतो की त्याला मी कणच म्हणते. मी एक लाख कण जालिंदरच्या खात्यात पाठवले. सोबत एक शब्द लिहिला नाही. लिहिण्यासारखं इतकं होतं की काहीच लिहिता आलं नाही.

ईश्वरीला सांगितलं तेव्हा ती हसली, वाईट वाटून. म्हणाली, आई, असे तुकडे तर चोर पाठवतात, माणूस जागा आहे का बघायला. कोणीही पाठवलेल्या चिमटीला हात लावू नका अशा जगभर सूचना आहेत. शहाणा माणूस त्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

"शहाणा नाही बघणार," मी म्हटलं.

आठ दिवस गेले. दहा. पंधरा. दुकानात एक बाई बोरमाळ तपासायला घेऊन आल्या होत्या. त्यांना टंच सांगताना मी दोनदा चुकले, आणि असं माझं कधी होत नाही. सोळाव्या दिवशी, अठरा फेब्रुवारीला, दुपारी जेवायच्या वेळी फोन वाजला.

माझ्या खात्यात रक्कम आली होती. नव्व्याण्णव हजार सहाशे कण.

मी हात धुतले. पुन्हा बघितलं. लाखाला चारशे तूट. पाठवायचा खर्च वेगळा, तो त्यानं आपल्या पदरचा घातला होता.

सही न केलेला कागद घेऊन मी भाऊजींकडे गेले. ते ओसरीवर पाय पसरून पेपर वाचत होते. मी नुसता फोन त्यांच्यापुढे धरला आणि किती पाठवले होते ते सांगितलं. त्यांना क्रिप्टोमधलं ओ की ठो कळत नाही. पण चाळीस वर्षं त्यांनीही मदुराईला भट्टी पेटवलीय. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"हजारी चार," ते म्हणाले. पुन्हा फोनकडे वाकून बघितलं. मग, "जित्ता हाय की गं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी आत जाऊन जाऊबाईंकडे पाणी मागितलं. मला स्वतःला रडू येत नव्हतं. मला वाटत होतं, आता तो लिहील. दोन अक्षरं. रकमेसोबत मजकूर पाठवता येतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

वीस तारीख गेली. मी अर्ज केला नाही. आता खोटं लिहून द्यायला जागाच राहिली नव्हती. आणि त्यानं स्वतः काही केलं नाही, तर एक एप्रिलला सगळं गोठणार होतं. ईश्वरीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू बरोबर केलंस. आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन जागेच्या मालकाला फोन करून नाही म्हणाली. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलं.

मार्च महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. नव्या साड्या काढून ठेवल्या, परत आत ठेवल्या. केसांना कलप लावला, मग वाटलं ओळखणार नाही, मग वाटलं कलप न लावता तर मुळीच ओळखणार नाही. रस्त्यानं पाच फूट सहा इंचाचा कोणी जाताना दिसला की हातातलं काम थांबायचं. सगळ्यांची उंची तेवढीच असते हे मला त्या महिन्यात कळलं.

सव्वीस मार्चला सकाळी चहा ठेवला आणि बघितलं. जालिंदरचं खातं शून्य.

सगळी रक्कम दोन भागांत गेली होती. एक भाग माझ्या नव्या कुलपात; माझे कण मी तिथे हलवले होते, ते त्याला वहीत दिसलं असणार. दुसरा एका अनोळखी नव्या खात्यात. मी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. शेवटचा एक कण सोडला तर अगदी सारखे. बेरीज विषम होती, एक कण जास्तीचा निघत होता, तो त्यानं माझ्याकडे घातला होता.

मजकूर नव्हता.

ईश्वरी फोनवर आनंदानं काहीतरी बोलत होती, पप्पांनी दिलं, पप्पांना आपली आठवण आहे, असं. मी हो म्हणत होते. तिनं कधी भागीदारी मोडताना बघितली नव्हती. मी सेलमला चार-पाच बघितल्या होत्या. भांडण नसतं. दोन माणसं समोरासमोर बसतात, सगळं निम्मं-निम्मं होतं, विषम निघालं की थोरला धाकट्याला देतो, आणि मग दोघं उठून आपापल्या दिशेनं जातात. इतका स्वच्छ हिशेब माणूस परत यायचं असलं तर करत नाही. उरलेलं निम्मं त्याला कुठेतरी लागणार होतं. तिथे घर असेल, भट्टी असेल, कदाचित मुशीवर नजर न ठेवणारं कोणी असेल.

त्याला हवं होतं तसंच झालं होतं. मध्ये बँक नाही, कोर्ट नाही, भाऊ नाही, देश नाही. त्याला जे द्यायचं होतं ते कणभरही न सांडता माझ्यापर्यंत पोचलं. क्रिप्टो यशस्वी झालं का, असं आता कोणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन, झालं. जे त्याला द्यायचं नव्हतं, तेवढंच आलं नाही; आणि त्याला कुठलं नाणं काय करणार.

ईश्वरीनं ती जागा घेतली. मालकानं ठेवली होती.

मे महिन्यात अंगणवाडीच्या ताई कुटुंब सर्वेक्षणाला आल्या. दरवर्षी येतात, पंख्याखाली बसतात, ताक घेतात आणि मशीनमध्ये माहिती भरतात. दरवर्षी मी तीन माणसं सांगायची आणि त्या गेल्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलायच्या. या वेळी मशीन नवीन होतं, सगळं परत विचारत होतं. घरात माणसं किती?

मी म्हटलं, "दोन लिहा."

त्यांनी मान वर केली. आवाज खाली आणून विचारलं, म्हणजे साळुंखे भाऊंचं काही कळलं का? मयत लिहू का?

"नाही, नाही," मी म्हटलं. "चांगले आहेत."

मग विभक्त? घटस्फोट? कामानिमित्त बाहेरगावी? ताईंनी एकेक पर्याय वाचून दाखवला, आणि प्रत्येकाला मी थोडा विचार करून नाही म्हटलं. त्या बिचाऱ्या बोट वर धरून थांबल्या होत्या. काहीतरी निवडल्याशिवाय मशीन पुढे जात नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ताक घ्या आधी, आणि त्यात घालायला मीठ-जिरं आणायला आत गेले. जिऱ्याचा डबा समोरच होता. तो सापडायला मला बराच वेळ लागला.